काटा शून्यावर होता

पुण्यातल्या एका सोसायटीचा स्विमिंग पूल दुधाळ झाला म्हणून फोन आला. शनिवारपासून मुलांची बॅच, म्हणजे कमिटीला पाणी आत्ताच्या आत्ता स्वच्छ हवं.

पंपरूममध्ये शिरलो तर सोसायटीचा प्लंबर वाळू बघायला फिल्टरच्या टाकीचं झाकण आवळणाऱ्या क्लँपचा नट सोडवत होता. बिल्डिंगचे प्रेशर पंप शेजारीच घोंगावत होते. सवयीने पुलाच्या पंपावर हात ठेवला, तर तो थरथरत होता. "पाना खाली ठेव!" एवढंच ओरडलो.

त्याने अडाणीपणा केला नव्हता, हेच डोक्यातून जात नाही. पुलातलं पाणी उलटं येऊ नये म्हणून रिटर्नचा, म्हणजे गाळलेलं पाणी पुलात परत नेणाऱ्या पाइपचा, व्हॉल्व्ह बंद केलेला. वॉचमनला पंप बंद करायला सांगितलेलं. पण पॅनलवरची नावं पुसलेली, वॉचमनने भलताच स्टार्टर दाबला. मग याने टाकीतला दाब दाखवणारा गेजही पाहिला. काटा शून्यावर. गेज कधीचा मेलेला. दोन्ही साक्षी खोट्या, आणि नेमक्या जुळणाऱ्या.

पंप बंद केला, एमसीबी पाडून चिकटपट्टी लावली, एअर व्हॉल्व्ह जरासा उघडला. फुसफुस थांबेचना. पंपाच्या जाळीवरच्या झाकणाची रबरी ओ-रिंग गेलेली, तिथून हवा ओढून फिल्टरच्या टाकीत साठलेली. पाणी दाबलं जात नाही, हवा जाते, आणि टाकीचं झाकण उडवते ती हीच दाबलेली हवा. २० सेंटिमीटरच्या तोंडावर १ बार म्हणजे ३०० किलोंहून जास्त जोर. इथे तर रिटर्न बंद, म्हणजे दाबाला वाटच नाही. प्लंबरचं डोकं बरोबर त्या झाकणाच्या वर होतं.

बाकी नेहमीचंच. टँकरच्या जड पाण्याने वाळूचे गठ्ठे झालेले. "बॅकवॉश रोज करतो" म्हणे, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुणं, पण पंप चालू ठेवून व्हॉल्व्हचं हँडल फिरवायचे; आतलं रबरी गॅस्केट उचकटून घाण पाणी न गाळता परत पुलात. नवी वाळू भरताना आधी टाकी अर्धी पाण्याने भरतो, नाहीतर पडत्या वाळूच्या माराने तळाचे लॅटरल, म्हणजे गाळलेलं पाणी गोळा करणाऱ्या नळ्या, मोडतात. हे काम मी दुसऱ्याच्या हाती देत नाही.

जाताना प्लंबर म्हणाला, "दादा, काटा तर बघितला होता मी." बघितला होताच. पण मेलेला काटा ओळखायचा तर चालू पंपावर तो कुठे असतो हे माहीत हवं. पुलाभोवती रंगीत दिवे लावणाऱ्या कमिटीने तो आकडा भिंतीवर खडूनेसुद्धा लिहून ठेवला नव्हता.