आयर्नमॅन क्राफ्टिंग लॉग: 75 झालं, सीवीडचा ढीग पडलाय आणि वाळूचा पत्ता नाही

मंडळी, ओल्ड स्कूल रुनस्केपमधल्या माझ्या आयर्नमॅन अकाउंटवर (म्हणजे दुसऱ्या खेळाडूंशी व्यवहार बंद, सगळं स्वतः मिळवायचं) 75 क्राफ्टिंग आलं एकदाचं! रिंग ब्लिंग या अनलॉकवर 300 स्लेयर पॉइंट घातल्यापासून ती स्लेयर रिंग डोळ्यासमोर नाचत होती, लेव्हल वर गेल्या गेल्या एन्चान्टेड जेम आणि गोल्ड बार बाहेर काढला आणि पहिली रिंग केली. आठ चार्जेस, आठ टेलिपोर्ट, कुणाकडून विकत नाही की ट्रेड नाही, सगळं स्वतःच्या हातचं. मेन म्हणजे साध्या अकाउंटवाल्यांना ग्रँड एक्सचेंजच्या बाजारातून सामान घेऊन 75 गाठणं किरकोळ वाटेल पण आयर्नवाल्यांना कळेल मी काय म्हणतोय.

ज्यांनी मागचे अपडेट वाचलेत त्यांना माहितीये, लूनर डिप्लोमसी क्वेस्टला 61 क्राफ्टिंग लागतं म्हणून तिथपर्यंत मी चार्टर शिपची वाळू आणि सोडा ॲश घेऊन पोर्ट फास्माटिसच्या भट्टीत काच केली होती. मग मॅजिक 77, मग सुपरग्लास मेक, म्हणजे वाळू आणि सीवीडची भट्टीशिवाय काच करणारा लूनर स्पेलबुकमधला स्पेल; ती काच फुंकून वस्तू केल्या की क्राफ्टिंगचं एक्सपी (अनुभवाचे पॉइंट). आणि तिथून पुढे वाटलं होतं की आता गाडी सुसाट सुटणार.

सुटली पण. आणि मग वाळू संपली.

म्हणजे बघा, फॉसिल आयलंडच्या पाण्याखाली दोन सीवीड पॅच आहेत, पीक 40 मिनिटांत तयार, फार्मिंग 23 पुरतं, अल्ट्राकम्पोस्ट टाकायचं, समुद्राच्या तळाशी इकडेतिकडे स्पोअर उगवतात ते उचलत फिरायचं, झालं. स्पोअर उगवला की रुनलाइट क्लायंट नोटिफिकेशन देतं तेवढं चालू ठेवा, बाकी काही लागत नाही. मी हे रोज नेमाने करत गेलो, दुसरं काही करत असलो तरी मध्येच एक डुबकी मारून यायचो, आणि जायंट सीवीड बँकेत इतकं साठलं की आता त्याच्याकडे बघवत नाही. कारण एका कास्टला (स्पेल एकदा मारायला) लागतात 18 बादल्या वाळू आणि फक्त 3 जायंट सीवीड. सीवीड स्वस्त, वाळू महाग. महाग म्हणजे पैशाने नाही, वेळेने.

हे 18:3 गणित नव्या लोकांसाठी एकदाच सांगतो. जायंट सीवीड वापरलं की एका बादलीमागे सरासरी 1.6 काच निघते, म्हणजे 18 बादल्यांतून 28-29. बॅगेत तेवढी जागा नसते, त्यामुळे उरलेली काच पायाखाली जमिनीवर पडते. ती न उचलता पुढे गेलात तर सरासरी 1.45 वर येते. खूप जण सांगतात की उचलत बसू नकोस, वेळ जातो. ज्याच्याकडे वाळू भरपूर आहे त्याच्यासाठी बरोबर आहे ते. पण ज्याची वाळूच अडलीये त्याने प्रत्येक काच उचलावी, यावर मी ठाम आहे. 10,000 बादल्यांवर फरक पडतो 1,500 काचांचा, आणि त्यांचे अनपावर्ड ऑर्ब (काचेचे गोळे, प्रत्येकी 52.5 एक्सपी) केले तर 78,750 एक्सपी. एवढं एक्सपी जमिनीवर सोडून द्यायचं? मी बँकेसमोर एकाच टाइलवर उभा राहतो, दोन-तीन कास्ट मारतो, जमिनीवर काचेचा ढीग झाला की बॅग रिकामी करून सगळा गोळा करतो. फार वेळ पडू द्यायचा नाही, टाइमर संपला की काच गेली. मोबाइलवर ढिगावर बोट नीट बसत नाही म्हणून कास्टिंग फक्त पीसीवर, फुंकायचं काम मोबाइलवर. 27 काचा फुंकायला 50 सेकंद सुद्धा लागत नाहीत आणि तेवढा वेळ स्क्रीनला हात लावायचा नाही, लोकलमध्ये उभ्या उभ्या होतं.

रून्सचा खर्च पण सांगून टाकतो. स्टाफ ऑफ एअर एका हातात, विंटरटॉटचं टोम ऑफ फायर दुसऱ्या हातात, म्हणजे एअर आणि फायर रून वाचतात, कास्टला फक्त 2 ॲस्ट्रल रून जातात. स्मोक बॅटलस्टाफ असेल तर उत्तमच पण तो मिळेपर्यंत थांबायचं काही कारण नाही. टोम ही विंटरटॉटमधली सगळ्यात कमी कौतुक झालेली वस्तू आहे असं माझं मत.

आता मूळ दुखणं. वाळू कुठून आणायची?

पहिला माणूस बर्ट. यानिलचा बर्ट, हँड इन द सँड क्वेस्ट झाली की रोज 84 बादल्या थेट बँकेत, फुकट. पूर्ण गेममध्ये याच्याइतका भरवशाचा सप्लायर मला दुसरा दिसला नाही. मी घर यानिलला हलवलं ते केवळ त्याच्यासाठी, लूनर स्पेलबुकमध्ये हाउस टेलिपोर्ट नाही म्हणून टेलिपोर्टची टॅब्लेट वापरतो, पोर्टलमधून बाहेर पडलं की बर्ट जवळच. फक्त फुंकण्याचं एक्सपी धरा (स्पेलचं वेगळं): 1.6 गुणिले 52.5, म्हणजे एका बादलीमागे 84 एक्सपी. बादल्या 84 आणि बादलीमागे एक्सपी पण 84! रोजचे 7,056. छान वाटतं ऐकायला. पण 75 ते 80 हे अंतर आहे 7,75,647 एक्सपीचं, म्हणजे 9,234 बादल्या, म्हणजे नुसत्या बर्टच्या जिवावर 110 दिवस. हे बघून जे डोकं फिरलं ना.

दुसरं चार्टर शिप. ट्रेडर क्रू प्रत्येक वर्ल्डला 10 बादल्या वाळू ठेवतात, किंमत किरकोळ, घ्यायची, हॉप (दुसऱ्या वर्ल्डला उडी), परत घ्यायची, हॉप, बॅग भरली की बँक. पोर्ट फास्माटिसला बँक जवळ आहे आणि घोस्ट्स अहॉय झालेली असली की गेटवर एक्टोटोकन पण लागत नाहीत. 61 पर्यंत हे चाललं कारण सोडा ॲश पण तिथेच मिळत होती. आता परत तेच करायला बसलो तर मनगट बोलायला लागलं. त्यात मधे एक ‘गेमिंग’ माउस मागवला होता ऑनलाइन, कंपनीचं नाव घेत नाही, त्याचं डावं बटण आपोआप डबल क्लिक व्हायला लागलं, दुकानात हॉप करताना एका क्लिकला दोन क्लिक म्हणजे काय छळ असतो ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. परत केला. आता ऑफिसचा साधा वायरवाला माउस आहे आणि तो झकास चालतो. माझं मत विचाराल तर रुनस्केपला महाग माउस घेऊच नका.

सँडपिटवर बादली बादली भरणं मी विचारातच घेत नाही.

तिसरा मार्ग, आणि याच्यासाठीच आजचा अपडेट: वाळवंटातली क्वॉरी (दगडाची खाण). बॅन्डिट कॅम्पच्या दक्षिणेला, एनाख्राज लॅमेन्ट क्वेस्ट सुरू होते ना, तिथली. मायनिंग 35 ला सँडस्टोन खणता येतो. मी इतके दिवस तिकडे फिरकलोच नव्हतो, उन्हाचा डॅमेज, वॉटरस्किन म्हणजे पाण्याच्या पिशव्या, कोण तो उपद्व्याप करणार असं वाटायचं. पण लूनर बुक तर आधीच चालू आहे ना! त्यातला ह्युमिडिफाय स्पेल एकदा मारला की सगळ्या वॉटरस्किन परत भरलेल्या. उन्हाचा प्रश्न तिथेच संपला.

खडकातून चार प्रकारचे तुकडे निघतात, 1, 2, 5 आणि 10 किलोचे, कुठला निघेल ते नशीब. बॅग भरली की शेजारच्या सँडस्टॉर्म मशीनमध्ये टाकायची. 1 किलोची एक बादली, 2 च्या दोन, 5 किलोच्या मात्र चार आणि 10 किलोच्या आठ. बॅगेत एकामागोमाग दोन-तीन मोठे ठोकळे आले की काय समाधान वाटतं, एकेका ठोकळ्यात आठ बादल्या! आणि मायनिंगचं एक्सपी वर, 10 किलोच्या तुकड्याला 60. मशीन सांभाळणारा ड्र्यू म्हणजे आपला गिरणीवालाच, सँडस्टोन द्यायचा, बादल्या द्यायच्या आणि दळणाचे बादलीमागे 50 कॉइन मोजायचे.

वाळूचा प्रश्न सुटला असं म्हणेपर्यंत दोन नवीन प्रश्न उभे राहिले. एक, रिकाम्या बादल्या. भट्टीत काच केली तर बादली परत मिळते, सुपरग्लास मेकमध्ये बादली पण गायब होते, त्यामुळे माझ्याकडे बादल्यांचा साठाच नव्हता. यावर उपाय फार्मिंग शॉपमधले बकेट पॅक, एका पॅकमध्ये 100 बादल्या, ते थप्पीने घ्या, एकेक बादली गोळा करत फिरू नका. दोन, पैसे. 9,000 बादल्यांचं दळण म्हणजे साडेचार लाख कॉइन. मेनवाला हसेल, पण माझी बँक आत्ता प्रेयर आणि कन्स्ट्रक्शनने धुऊन काढलेली आहे आणि या लॉगचा नियमच आहे की क्राफ्टिंगने स्वतःचा खर्च स्वतः काढायचा.

इथपर्यंत लिहून मी पोस्टमध्ये पुढचा प्लॅन टाकणार होतो: क्वॉरी करत राहायचं, 87 ला लाइट ऑर्ब सुरू करायचे कारण त्यांना 70 एक्सपी आहे, संपलं. पण टाइप करता करता बँक उघडून बघत होतो आणि ऑर्बचा ढीग दिसला. हे ऑर्ब मी नुसते साठवत चाललोय. का? व्हॅरॉकचा स्टाफवाला झॅफ आहे की!

व्हॅरॉकची मीडियम डायरी (ठरलेल्या टास्कची यादी) माझी कधीच झालीये. मीडियमला झॅफ रोज 30 बॅटलस्टाफ देतो, प्रत्येकी 7,000 ला. अनपावर्ड ऑर्ब चार्ज केला की एअर ऑर्ब, तो लावला की एअर बॅटलस्टाफ, क्राफ्टिंग 66, एक्सपी 137.5, आणि हाय ॲल्क (वस्तूचे थेट कॉइन करणारा स्पेल) 9,300. म्हणजे एका स्टाफमागे 2,300 वर. नेचर आणि कॉस्मिक रून वजा केले तरी रोजच्या 30 स्टाफमध्ये ड्र्यूकडच्या हजारभर बादल्यांच्या दळणाचे पैसे सुटतात! बर्ट, ड्र्यू आणि झॅफ, तिघांची साखळी लागते. झॅफच्या पैशातून ड्र्यूची वाळू, वाळूतून ऑर्ब, ऑर्ब परत झॅफच्या स्टाफला.

आणि एक्सपीचं बघा. नुसता ऑर्ब फुंकला तर 52.5. तोच ऑर्ब स्टाफवर चढला तर एकूण 190. बादलीच्या हिशोबात 84 वरून थेट 304. शिवाय 30 ऑर्बना वाळू किती? एका कास्टची काच आणि वर एखाद-दोन, बस्स. म्हणजे बर्टच्या फुकटच्या वाळूतूनच झॅफचा कोटा आरामात भागतो आणि दोघांचे मिळून रोजचे 11,181 एक्सपी, क्वॉरी न करता. हार्ड डायरी झाली की झॅफ 60 देतो, मग 15,306. लाइट ऑर्बसाठी 87 ची वाट बघण्यापेक्षा व्हॅरॉक हार्ड आधी करणं शहाणपणाचं, हे आत्ता कागदावर मांडल्यावर लख्ख दिसतंय. तर प्लॅन बदलला. 87 चं टार्गेट काढून टाकतोय, नवीन टार्गेट 80, ड्रॅगनस्टोन ॲम्युलेटसाठी, म्हणजे ग्लोरी हा टेलिपोर्टचा ॲम्युलेट घरच्या घरी.

ग्लोरीचा विषय निघालाच तर, एअर ऑर्बचा रूट ग्लोरीनेच सोपा होतो. एजव्हिल टेलिपोर्ट, खाली डन्जनमध्ये, वाइल्डरनेसच्या गेटमधून आत, अर्थ ऑबेलिस्कपाशी शिडी, वर एअर ऑबेलिस्क, तिथे ऑर्ब चार्ज होतो. स्टाफ ऑफ एअर हातात असला की 30 एअर रून्स लागत नाहीत, ऑर्बमागे फक्त 3 कॉस्मिक. पीकेअर (दुसऱ्या खेळाडूंना मारणारे) येतात, त्यामुळे अंगावर काही मौल्यवान ठेवायचं नाही, ऑर्ब, कॉस्मिक, थोडं खाणं, बाकी सगळं बँकेत.

एक अडचण राहते, स्पेलबुक. सुपरग्लास आणि ह्युमिडिफाय लूनरमध्ये, चार्ज ऑर्ब आणि हाय ॲल्क स्टँडर्डमध्ये. रोज अदलाबदल करायला लूनर आयलला जाणं म्हणजे वैताग आणि घरात लूनर ऑल्टर बांधायचं तर कन्स्ट्रक्शन 80 हवं, ते अजून लांब आहे. सध्या ठरवलंय की आठवड्याचे कामाचे दिवस लूनरवर राहायचं, काच आणि क्वॉरी करायची, झॅफकडून रोज स्टाफ मात्र उचलून ठेवायचे. शनिवार-रविवारी स्टँडर्डवर जाऊन सगळे ऑर्ब एकदम चार्ज करायचे, स्टाफ जोडायचे, ॲल्क करायचे. स्टाफ घ्यायला आधी हातात पैसे हवेत, 30 चे 2,10,000, आणि आठवडाभर ते अडकून पडणार, म्हणून पहिल्या आठवड्यात अर्धेच घेईन असं वाटतंय. किंवा मधल्या बुधवारी एक फेरी जास्तीची मारून थोडे आधी सोडवायचे, ते पैसे किती उरतात ते बघून.

ज्यांनी एअर ऑर्ब मोठ्या संख्येने केलेत त्यांना दोन प्रश्न: कुठल्या वेळेला ऑबेलिस्कपाशी गर्दी कमी असते, आणि मरून परत येणं जास्त फास्ट पडतं की ग्लोरीने बाहेर पडणं? आणि व्हॅरॉक हार्ड नुकतीच केलेली कोणी असेल तर कुठल्या टास्कला सगळ्यात जास्त वेळ गेला ते लिहा, मी आज रात्रीच लिस्ट काढून बसतोय.