एकाच गाण्याचे धनी

‘वन हिट वंडर’, म्हणजे एकाच गाजलेल्या गाण्याचा धनी, कोणाला म्हणायचं, हा विषय चार गाणीवेड्यांत निघाला की पहिलं नाव हमखास नॉर्वेच्या ‘आ-हा’ बँडचं येतं आणि पहिलं भांडणही त्यांच्यावरूनच जुंपतं. त्यांचं ‘टेक ऑन मी’ सगळ्यांना ठाऊक असतं. पेन्सिलीच्या रेघांतून हात बाहेर येतो आणि कॅफेत बसलेल्या मुलीला कॉमिकच्या पानात ओढून घेतो, तो व्हिडिओही. ध्रुवपदात सूर चढत चढत जिथे जातो तिथवर पोचायचा मोह कुणालाच आवरत नाही आणि अर्ध्या वाटेवरच सगळ्यांचे आवाज फाटतात. ऑक्टोबर १९८५मध्ये हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढे? पुढे काही नाही, असं एक जण ठणकावून सांगतो.

काही नाही कसं? लगेच पुढचं ‘द सन ऑलवेज शाइन्स ऑन टीव्ही’ जानेवारी १९८६मध्ये ब्रिटनमध्ये पहिलं आलं. ‘टेक ऑन मी’ तिथे दुसऱ्या क्रमांकावरच अडकलं होतं. १९८७ साली बॉण्डपटाचं शीर्षकगीत या नॉर्वेच्या पोरांना मिळालं. १९९१मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियमवर महोत्सवात ते गायले, तेव्हा समोर दोन लाखांच्या आसपास माणसं होती. एकाच गाण्यावर एवढी गर्दी जमत नाही हो!

मग कुणीतरी नियम काढतं. अमेरिकेच्या बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या चाळिसात ज्याचं एकदाच नाव लागलं, तो वन हिट वंडर. झालं, वाद मिटला. मिटतो कुठला! ‘आ-हा’चं दुसरं गाणं तिथेही विसाव्या क्रमांकापर्यंत गेलं होतं, म्हणजे ते सुटले. पण याच नियमात गिटारचा बादशहा जिमी हेंड्रिक्स अडकतो. पहिल्या चाळिसात तो एकदाच, १९६८ साली, ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ घेऊन विसाव्या क्रमांकावर. आणि तेही गाणं मुळात बॉब डिलनचं. ‘ग्रेटफुल डेड’ बँडवाले दोन दशकं गावोगाव वाजवत हिंडले, त्यांचा एकमेव टॉप फोर्टी हिट आला १९८७ साली. उलट रॅपर व्हॅनिला आइसचं ‘आइस आइस बेबी’नंतरचं गाणं चौथ्या क्रमांकापर्यंत पोचलं. ते कुणाला गुणगुणता येतं? पण नियम म्हणतो हेंड्रिक्स दोषी आणि व्हॅनिला आइस निर्दोष. असा नियम काय चाटायचा आहे?

माझं सगळ्यात लाडकं प्रकरण मात्र ऑस्ट्रेलियन गायिका नॅटली इम्ब्रुलियाचं. तिचं ‘टॉर्न’ १९९८ साली अमेरिकेच्या रेडिओवर इतकं वाजलं की रेडिओच्या यादीत ते अकरा आठवडे पहिलं होतं. पण तेव्हा मुख्य यादीचा, म्हणजे हॉट हंड्रेडचा, एक दंडक होता. जे गाणं सुटी सिंगल म्हणून दुकानात विकायला नाही, ते यादीत धरायचंच नाही. आणि कंपन्या तर मुद्दामच सिंगल काढत नसत, कारण मग एका गाण्यासाठी लोकांना अख्खा अल्बम घ्यावा लागे. डिसेंबर १९९८मध्ये हा दंडक गेला. तोवर ‘टॉर्न’ची हवा ओसरली होती. ते यादीत आलं आणि पोचलं बेचाळिसाव्या क्रमांकावर. चाळिसाला दोन पायऱ्या कमी! म्हणजे कागदोपत्री बाईंच्या नावावर अमेरिकेत एकसुद्धा हिट नाही. शून्य हिट वंडर!

कुठल्या देशाची यादी धरायची, हा आणखी एक घोळ. ‘कम ऑन आयलीन’वाल्या डेक्सीज मिडनाइट रनर्स या ब्रिटिश बँडला अमेरिकेत एका गाण्यापुरतं ओळखतात, पण ब्रिटनमध्ये ‘जीनो’ त्याआधी दोन वर्षं, १९८०मध्येच, पहिलं येऊन गेलेलं. जर्मनीच्या नेनाचंही तेच. बाहेर फक्त फुग्यांचं ‘९९ लुफ्टबलॉन्स’, घरी गाण्यांची रांग. माझं मत विचाराल तर घरची यादी धरावी. बाहेरच्यांनी बाकीची गाणी ऐकली नाहीत, यात गाणाऱ्याचा काय दोष?

एवढं बोलून झालं की कुणीतरी शांतपणे ‘माकारेना’ म्हणतं. १९९६ साली हे गाणं अमेरिकेत चौदा आठवडे पहिलं होतं, आणि लोस देल रिओचे ते दोघे त्याआधी तीन दशकं स्पेनमध्ये गात होते. माझ्या मताने तेही सुटायला हवेत. पण त्यांना सोडायला मन होत नाही. वन हिट वंडर म्हटल्यावर सुटाबुटातले ते दोन प्रौढ डोळ्यांसमोर येणार नसतील, तर यायचं कुणी? शिवाय जगाने नाचून काढलं ते मायामीतल्या बेसाइड बॉइजचं रिमिक्स. त्यातली इंग्रजी कडवी म्हणणारी बाई वेगळीच. तेव्हा फार तर अर्धा हिट यांच्या नावावर मांडू.

यादी कुठलीही धरा, निर्विवाद जोडी एकच, झेगर आणि इव्हान्स. १९६९ साली ‘इन द इयर २५२५’ अमेरिकेत सहा आठवडे पहिलं, ब्रिटनमध्येही पहिलं, आणि पुढे अमेरिकेच्या पहिल्या शंभरात किंवा ब्रिटनच्या यादीत त्यांचं नाव कधी म्हणजे कधी दिसलं नाही. मी हे नाव एका बैठकीत काढून पाहिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, कुणी एक शब्द बोललं नाही, आणि पुढच्या मिनिटाला नेनावरून पुन्हा जुंपली.