यमूचे बोलणे ऐकताना

दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि सोलापूरला घरी जाताना मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी सोबत नेली. माझे शिक्षण संख्याशास्त्राचे आणि शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे हरिभाऊंचे नाव मला तोपर्यंत एका गुणाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच ठाऊक होते.

पहिली शंभर पाने मला जड गेली. त्याचे कारण भाषा नव्हे, कारण भाषा अगदी घरगुती आहे, माजघरात बसून कुणी बोलावे तशी. पण नायिका यमूचे बालपण, तिचा दादा, वडिलांच्या धाकात वावरणारी आई, हे सारे इतक्या सावकाश उलगडते की गोष्ट पुढे कधी सरकणार असे मला सारखे वाटत राहिले. मग प्रस्तावना वाचली. हरिभाऊंनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि ही कादंबरी त्यातूनच क्रमशः प्रसिद्ध झाली. म्हणजे तिच्या पहिल्या वाचकांनी ती थोडी थोडी करत, पुढच्या अंकाची वाट पाहत वाचली होती. मी दोन दिवसांत तिचा फडशा पाडू पाहत होते, हीच माझी चूक होती.

त्याच आठवड्यात आजीची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती आणि डॉक्टरांनी तिला डोळ्यांवर ताण देऊ नका म्हणून बजावले होते. तेव्हा रात्रीची जेवणे झाल्यावर एक प्रकरण मोठ्याने वाचायचे, असे आम्ही ठरवले. मोठ्याने वाचू लागल्यावर मला त्या संथपणाचा अर्थ कळला. यमू स्वतःची हकीकत स्वतः सांगते, मध्येच थांबते, मागे जाते, एखादी गोष्ट सांगावी की नाही यावर घुटमळते. शेकडो पाने ऐकल्यावर ती कादंबरीतले पात्र उरत नाही. रोज रात्री आपल्याकडे येऊन बसणारी बाई होते. १८६४ साली जन्मलेला, म्हणजे तेव्हा अवघा सव्वीस वर्षांचा असलेला एक पुरुष स्वतः मागे सरून एका बाईला इतका वेळ बोलू देतो, याचे मला अजूनही नवल वाटते.

काळ लक्षात घेतला तर हे नवल आणखी वाढते. त्याच १८९० साली पंडिता रमाबाईंचे विधवांसाठीचे शारदा सदन मुंबईहून पुण्याला आले, आणि कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. पुढच्या वर्षी शरीरसंबंधासाठी मुलींचे संमतिवय दहावरून बारावर नेणारा कायदा झाला आणि त्यावरून पुण्यात मोठे रण माजले. सुधारकांच्या सभा आणि विरोधकांची भाषणे कानांवर आदळत असताना, ज्यांच्याबद्दल हा सगळा वाद चालला होता त्यांच्यापैकी एकीचा आवाज 'करमणुकी'तून घरोघरी पोहोचत होता.

मला सर्वांत जास्त लागला तो सुखाचा भाग. लग्नानंतर रघुनाथराव यमूला वाचायला शिकवतात, पुढे दोघे मुंबईला बिऱ्हाड करतात आणि सासरच्या जाचातून सुटलेली यमू मोकळेपणाने हसू-बोलू लागते. या प्रकरणांत काही पात्रे भाषणे केल्यासारखी बोलतात हे मान्य केले पाहिजे. तेवढी पाने वाचताना मी अडखळले. पण पुढे काय होते याची थोडी कल्पना असल्याने मला त्या सुखाचीच धास्ती वाटू लागली होती, कारण यमूच्या हाती आलेले सगळे, पुस्तक, मैत्रिणी, स्वतःचे मत, एका भल्या माणसाच्या जिवावर उभे होते. रघुनाथराव जातात आणि त्यांच्याबरोबर तिचा सारा आधार जातो. ती पुण्याला सासरच्या त्याच घरात, शंकरमामंजींच्या हाती परत येते.

केशवपनाचे प्रकरण आले त्या रात्री आजी मला म्हणाली, "हे नको गं वाचूस आज." मी पुस्तक मिटले. बराच वेळ ती काही बोलली नाही, आणि मग तिने मला पूर्वी कधीही न सांगितलेली गोष्ट सांगितली. वाईच्या घरी तिच्या वडिलांची आत्या होती. आजी सहा-सात वर्षांची असताना, म्हणजे १९५० च्या सुमारास, आत्याबाई सत्तरीच्या पुढे होत्या. लाल आलवण नेसलेल्या, पदर कपाळापर्यंत ओढलेला. ठरावीक दिवसांनी नाभिक मागच्या दाराने येई आणि त्या वेळी मुलांना परसात जायची बंदी असे. एकदा आजीने दाराच्या फटीतून पाहिले होते: आत्याबाई पाटावर डोळे मिटून बसलेल्या, आणि शेजारच्या पितळी वाटीतल्या पाण्यावर तरंगणारे बारीक पांढरे केस. त्यांचे लग्न कितव्या वर्षी झाले आणि नवरा कधी गेला, हे घरात कुणी कधी विचारले नव्हते. त्यांचे पाळण्यातले नावही आजीला आठवत नव्हते.

पुढचे दोन दिवस आम्ही पुस्तक उघडले नाही. तिसऱ्या दिवशी आजीचा नवा चष्मा आला. दुपारी मी उठून पाहते तो ती खिडकीशी बसून, ओठ हलवत, एकेका ओळीवर बोट ठेवत तेच प्रकरण वाचत होती.