पाच मिनिटं पुढचं घड्याळ

महिनाअखेरीला लेखाविभागातून फोन आला की आमच्या हेल्पडेस्कवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या तक्रारी सोडवणाऱ्या टेबलावर, सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. गेल्या जुलैतली ३१ तारीख तशीच उजाडली. पगाराची फाईल एक वाजायच्या आत बँकेकडे जायला हवी होती, आणि ती पाठवणाऱ्या मॅडम संगमेश्वरजवळच्या आपल्या गावी बसून काम करत होत्या. सासूबाई आजारी, म्हणून दीड महिना घरून कामाची परवानगी घेतलेली. पावसाने रात्रीपासून वीज गेलेली, मोबाईलचा टॉवर बंद पडलेला, पण गावातल्या केबलवाल्याचं इंटरनेट इन्व्हर्टरवर तग धरून होतं.

पुण्यात आमची कंपनी चारेकशे माणसांची. त्यातली बरीच घरून काम करतात. पासवर्ड टाकला की फोनमधल्या ॲपवर दिसणारा सहा आकडी कोड टाकायचा, मगच आत प्रवेश. मॅडमचा पासवर्ड बरोबर होता, कोड मात्र दर वेळी चुकीचा ठरत होता. पाच प्रयत्नांनंतर खातं अर्ध्या तासासाठी बंद झालं.

मी जागेवर पोचले तेव्हा हेल्पडेस्कवर नुकताच नोकरीला लागलेला एक मुलगा त्यांच्याशी व्हॉट्सॲप कॉलवर बोलत होता. फोन स्पीकरवर. पलीकडून मॅडमचा वैतागलेला आवाज: "हा बघ, आता दाखवतोय, चारशे एकोणीस..." आणि हा शहाणा वहीत लिहून घेत होता! मी अक्षरशः ओरडले, "मॅडम, आकडा सांगू नका!"

"अगं, पण चालतच नाहीये ना तो. चुकीचा आकडा सांगितला तर काय बिघडलं?"

त्या क्षणी माझ्याकडे याचं नीट उत्तर नव्हतं. कोड कुणालाही सांगायचा नाही, आम्हालासुद्धा नाही, हा नियम अंगात मुरलेला म्हणून ओरडले, एवढंच. उत्तर तासाभराने मिळालं.

आता पलीकडे खरंच मॅडम आहेत, हे ठरवायचं होतं. त्यांचा आवाज मी ओळखते. पण ओळखीच्या आवाजावर खातं उघडून द्यायचं नाही, असं आमच्याकडे ठरलेलं आहे, आणि त्याला कारण आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये लास व्हेगासच्या एमजीएम रिसॉर्ट्स या हॉटेल-कॅसिनो कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये चोर शिरले, ते हेल्पडेस्कला फोन करून, कर्मचारी असल्याचं भासवून, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. कंपनीने स्वतःच नुकसानीचा अंदाज दिला तो दहा कोटी डॉलरचा. मॅडम म्हणाल्या, "व्हिडिओ लावते, तोंड बघ माझं." पण २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये एका कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर आपल्याच वरिष्ठांचे चेहरे पाहून वीस कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले होते, आणि ते चेहरे कॉम्प्युटरने घडवलेले निघाले. हे काही मी त्यांना ऐकवलं नाही. पंधरा वर्षांच्या ओळखीत असलं कारण सांगितलं तर माणूस दुखावतो.

आमची पद्धत साधी आहे. आलेला फोन ठेवायचा आणि एचआरच्या नोंदीतल्या नंबरवर आपण उलट फोन करायचा. त्यांचा मोबाईल अर्थातच 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'.

एवढ्यात त्यांच्या साहेबांचा फोन. "काय लावलंय तुम्ही? दोन तासांसाठी ते कोडचं टू-फॅक्टर बंद करून टाक तिचं. मी सांगतोय ना."

"सर, ते मला एकटीला बंद करताच येत नाही. दोघांची संमती लागते, आणि दुसरे मॅनेजर तुम्हाला हेच सांगतील."

"मग पगार झाला नाही तर चारशे लोकांना काय सांगू?"

साहेब वाईट नाहीत. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. पण पगाराच्या दिवशी, पगाराच्या खात्याचं कुलूप, 'फक्त दोन तास' काढून ठेवा, असं घाईत सांगणारा फोन चोराचाही असाच येतो, शब्दन् शब्द असाच. म्हणून बंद करण्याचं बटण एकाच माणसाच्या हाती ठेवू नये, असं मी दोन वर्षांपूर्वी भांडून मंजूर करून घेतलं होतं. त्या सकाळी मला त्याचा पहिल्यांदा उपयोग झाला, तोही स्वतःला अडवायला. साहेब आणखी पाच मिनिटं बोलत राहिले असते तर मी बंद केलंही असतं.

एचआरच्या मुलीने फाईल धुंडाळून कायमच्या पत्त्याखालचा एक नंबर काढला. बीएसएनएलचा लँडलाइन. तो अजून जिवंत असेल अशी आशा मला नव्हती, पण तांब्याच्या तारेच्या फोनला वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून मिळते, घरची गेली तरी चालतं. रिंग वाजली. बऱ्याच वेळाने एका म्हातारीने उचलला.

"कोण हवंय?"

"आजी, मी पुण्याहून, ऑफिसमधून. मॅडम आहेत का?"

"आहे हो. सकाळपासून त्या मोबाईलशी भांडत बसलीय. थांबा."

रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला. मग पावसाचा. आणि मग घड्याळाचे टोले पडायला लागले, जुन्या भिंतीवरच्या घड्याळाचे, घुमणारे. मला टोले मोजायची लहानपणापासूनची खोड आहे. अकरा पडले. सहज स्क्रीनच्या कोपऱ्यात नजर गेली. दहा वाजून पंचावन्न मिनिटं.

मॅडम फोनवर आल्या तेव्हा मी नमस्कारसुद्धा केला नाही. "मॅडम, तुमचं घड्याळ पुढे आहे का?"

"आमच्याकडे पहिल्यापासून पाच मिनिटं पुढेच असतं. सासरे लावून गेलेत, एसटी चुकू नये म्हणून."

"आणि मोबाईल?"

जराशी शांतता. मग हसू. काल सासूबाईंच्या गोळ्यांवरून वाद झाला होता. मोबाईलचा गजर झाला की भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे, मग आजी म्हणणार, गोळी उशिरा दिली. रोजची कटकट नको म्हणून मॅडमनी फोनमधली आपोआप वेळ घेण्याची सोय बंद केली आणि मोबाईल भिंतीशी जुळवला. भांडण मिटलं. आमचं सुरू झालं.

ॲपमधला कोड कुठूनही येत नाही, तो फोनमध्येच तयार होतो. सुरुवातीला क्यूआर कोड स्कॅन करतो तेव्हा एक गुप्त संख्या फोनमध्ये आणि कंपनीच्या सर्व्हरवर, दोन्हीकडे ठेवली जाते. मग दोघे आपापल्या घड्याळाकडे बघतात, १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते मोजतात, त्याचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडतात आणि चालू तुकड्याचा क्रमांक त्या गुप्त संख्येबरोबर घुसळून सहा आकडे काढतात. दोन्ही घड्याळं जुळली की आकडे जुळतात. म्हणून नेटवर्क नसलेल्या गावातही हे चालतं. थोडा फरक असणारच म्हणून आमचा सर्व्हर एक तुकडा मागचा आणि एक पुढचा चालवून घेतो. पाच मिनिटं म्हणजे दहा तुकडे. एवढं कोण चालवून घेणार?

(गंमत म्हणजे देश बदलल्याने काही बिघडत नाही, कारण मोजणी जागतिक वेळेवर होते. दुबईला गेलेल्या आमच्या एकाने मात्र टाइम झोन तसाच ठेवून हाताने काटे दीड तास मागे नेले होते. त्याचंही हेच झालं.)

आणि इथेच मला मॅडमच्या सकाळच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पाच मिनिटं पुढे असलेला फोन दाखवतो तो आकडा खोटा नसतो, तो पाच मिनिटांनी खरा होणारा असतो. हेल्पडेस्कच्या त्या मुलाच्या वहीत लिहिला गेलेला 'चुकीचा' कोड थोड्या वेळाने बरोबर ठरणार होता. पासवर्ड ठाऊक असलेल्या कुणाच्या हाती ते पान पडलं असतं तर त्याने फक्त चहा पिण्याइतकं थांबायचं होतं. खातं बंद झालेलं होतं म्हणून त्या दिवशी काही घडलं नसतं, ते वेगळं. मी ते पान फाडलं. मुलगा गोरामोरा झाला.

बाकी सगळं दोन मिनिटांत झालं. मॅडमनी फोनची वेळ पुन्हा आपोआपवर टाकली. टॉवर नसला तरी वायफायवरून फोनने वेळ दुरुस्त केली. मी भिंतीवरच्या घड्याळातून पाच मिनिटं वजा करून त्यांच्याकडून पडताळून घेतली. खातं उघडलं, त्यांनी कोड टाकला, या वेळी मनातल्या मनात. फाईल बारा वाजायच्या आधी गेली.

दुपारी सर्व्हर बघणाऱ्या आमच्या गृहस्थांनी सुचवलं, मागेपुढे पाच-पाच मिनिटं चालवून घेऊ या, पुन्हा कटकट नको. ऐकायला समंजस वाटतं. पण मग एका क्षणी तीनऐवजी एकवीस आकडे बरोबर ठरतात, आणि फसवून काढून घेतलेला कोड चोराला कितीतरी जास्त वेळ वापरता येतो. एका घरचं घड्याळ पुढे म्हणून चारशे लोकांचं दार किलकिलं ठेवायचं? मी नाही म्हटलं. जरा जास्तच जोरात म्हटलं असावं, कारण ते दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

दुसऱ्याने सुचवलं एसएमएसने कोड पाठवू. एसएमएसवर माझा राग जुना आहे. ८ मार्च २०२१ ला ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमाप्रमाणे कंपन्यांचे मेसेज नोंदवलेल्या साच्याशी ताडून पाहायला सुरुवात झाली आणि देशभर ओटीपी अडकले, दुसऱ्याच दिवशी ते आठवडाभर थांबवावं लागलं. त्याच नंबरचं सिम बदलून घेतलं तर फसवणूक टाळायला चोवीस तास एसएमएस बंद ठेवतात, ते योग्यच आहे, पण त्या चोवीस तासांत आमचा माणूस काय करणार? आणि संगमेश्वरला त्या सकाळी टॉवरच नव्हता.

त्याऐवजी आम्ही लेखाविभागातल्या सगळ्यांना एकेकदाच चालणारे दहा कोड छापून दिले. मॅडमनी ते गोदरेजच्या कपाटात, एफडीच्या पावत्यांच्या पिशवीत ठेवलेत. कोडऐवजी लॅपटॉपला लावायच्या यूएसबीच्या सुरक्षा-किल्ल्यांची मागणीही टाकली आहे. त्यांना घड्याळाशी देणंघेणं नसतं आणि खोट्या वेबसाइटवर त्या चालतच नाहीत. मंजुरी अजून यायची आहे. आणि आमच्या तक्रारीच्या फॉर्ममध्ये पहिला प्रश्न आता असा आहे: फोन आणि लॅपटॉप शेजारी ठेवून बघा, दोन्हीकडे वाजले किती?

परवा मॅडमशी दुसऱ्याच कामासाठी बोलणं झालं. मी विचारलं, गोळ्यांचं काय झालं? म्हणाल्या, काय व्हायचंय, 'तुझा मोबाईल परत मागे पडला' असं सासूबाईंकडून रोज ऐकून घेते.