मोओरेआचं नेढं

फ्रेंच पॉलिनेशियातल्या ताहिती बेटावरच्या पापीतेहून फेरी सुटली की अर्ध्या-पाऊण तासात मोओरेआ बेटाचा वाइआरे धक्का येतो. बाकीचे प्रवासी डॉल्फिन शोधत होते, मी डोंगरातलं भोक. आणि दिसलं की! माथ्याच्या जरा खाली, टिकलीएवढं, पलीकडचं आभाळ दाखवणारं. राजगडाच्या नेढ्यात बसून वारा खाल्लेल्याला वेगळं सांगायला नको.

डोंगराचं नाव मोउआपुता, म्हणजे भोक पडलेला डोंगर. उंची 830 मीटर. भोक भाल्याचं आहे, असं गोष्ट सांगते. हिरो हा चोरांचा देव (नावावर जाऊ नका). एका रात्री त्याने साथीदार जमवून जवळचा रोतुई डोंगरच दोर लावून रायातेआ बेटावर ओढून न्यायचा घाट घातला. पाई नावाच्या वीराने ताहितीवरून भाला फेकला, तो मोउआपुताच्या आरपार गेला. त्या आवाजाने कोंबडे आरवले आणि उजाडलं समजून चोर पळाले. ते कोंबडे अजून ड्युटीवर आहेत, रात्री दोनलासुद्धा. कानात घालायला बोळे न्याच.

वाचलेला रोतुई (899 मीटर) कुक आणि ओपुनोहू या दोन उपसागरांच्या मधोमध उभा आहे. तो बघायला बेल्व्हेडेर या उंचावरच्या पॉइंटवर जा. वर गाडी जाते, पण मी दरीतून चालत गेलो: अननसाचे मळे, मग झाडीत जुन्या मराएंचे, म्हणजे देवस्थानांचे, दगडी चौथरे. चौथऱ्यांवर चढू नका. गंमत म्हणजे 1777 मध्ये कॅप्टन कुकने नांगर टाकला तो ओपुनोहूत, त्याचं नाव मिळालं शेजारच्या उपसागराला. इथे त्याची एक बकरी चोरीला गेली, तर त्याने लोकांची घरं नि होड्या जाळल्या. डोंगरचोर कोंबड्याच्या आरवण्यावर सुटला होता.

मोउआपुताची वाट आफारेआइतूच्या बाजूने चढते. माथ्याजवळ दोराला धरून चढावं लागतं. रात्री पाऊस पडून गेला होता, लाल माती साबणासारखी झालेली. मी अर्ध्यावरून परतलो आणि त्याचं वाईट वाटत नाही. मे ते ऑक्टोबर हे कोरडे महिने गाठा, वाटाड्या घ्या. बस क्वचितच येते, तेव्हा गाडी किंवा स्कूटर भाड्याने घ्या. भारतीय पासपोर्टवाल्यांनो, नुसता शेंगेन व्हिसा इथे चालत नाही. फ्रेंच पॉलिनेशियासाठीचा वेगळा लागतो. परतताना फेरीत मागच्या बाजूची जागा धरा, नेढं तिथूनच दिसतं.