आमची वाटचाल : मुस्तफाच्या बोर्डाला जागलेलं वर्कशॉप

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आजही पार्लरच्या व्हिडिओ गेमचा बोर्ड, म्हणजे खेळ ज्यावर चालतो ते सर्किट, दुरुस्त करून मिळतो, आणि तो आमच्याकडे मिळतो. आमच्या लाइनीतले बहुतेक जण इन्व्हर्टर, सीसीटीव्ही, मोबाइल असे पांगले. त्यांना दोष नाही, पोट सगळ्यांनाच आहे. आम्ही मात्र लॉजिक प्रोब, म्हणजे बोर्डावरचे सिग्नल तपासायची पेन्सिलीएवढी सळी, खाली ठेवला नाही, याचा अभिमान आहे.

सुरुवात नव्वदच्या दशकाच्या मध्यावर झाली. मी टीव्ही मेकॅनिक, भागीदार अण्णा फॅब्रिकेशनवाले. कॅबिनेट प्लायवूडचं, वरून सनमायका. कॉइन बॉक्सचा पत्रा अण्णा स्वतः वाकवायचे, आणि त्यांच्या बॉक्समध्ये नाणं कधी अडकलं नाही. बोर्ड आणि स्पेअर मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून यायचे. बोर्डांत बहुतेक माल कॉपी. कॅपकॉम या जपानी कंपनीचा ओरिजिनल म्हटला की एकावर एक बसवलेली ए, बी, सी अशी तीन ताटं. कॉपीत तेच काम साध्या लॉजिक आयसींची गर्दी करून भागवलेलं. आम्ही कॉपी कॉपी म्हणून विकली, ओरिजिनल ओरिजिनल म्हणून. बिलावर तसं लिहून दिलं. पुढे जे घडलं ते समजायला ही गोष्ट ध्यानात ठेवा.

मुस्तफा सगळ्यांना माहीत आहे. ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’, 1993 चा. पिवळ्या टोपीवाल्या गड्यावरून सगळा खेळच मुस्तफा झाला. हा खेळ तिघांचा, पण जामाच्या (पार्लर मशीनच्या वायरिंगचं ठरलेलं स्टँडर्ड) 56 पिनांच्या कनेक्टरवर दोनच खेळाडूंची सोय, त्यामुळे तिसऱ्या हँडलसाठी वेगळी वायर ओढावी लागते. ही वायर आम्ही पहिल्यापासून प्रत्येक मशीनला दिली. बाकीचे तिसऱ्याची जागा सनमायकाने झाकून टाकायचे.

इचलकरंजीचे मामा हे आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक. एसटी स्टँडजवळ पार्लर, लूमची पाळी सुटली की पोरांची रांग. पोरं गॅस पेटवायचा लायटर कॉइन बॉक्सपाशी खटखटवायची, ठिणगी पडली की फुकटात क्रेडिट चढायचं. इतर पार्लरवाल्यांनी पोरांना मारलं. मामांनी मला बोलावलं. कॉइन बॉक्सच्या पत्र्याला अर्थिंग दिलं, कॉइन स्विचच्या लाइनीवर एक कपॅसिटर टाकला, खेळ संपला. मामा म्हणाले, “आता पोरास्नी कळलं, हितं मेकॅनिक आहे.” इतकं मोठं सर्टिफिकेट मला कुठल्याही संस्थेने दिलेलं नाही.

पुढची काही वर्षं चांगली गेली. मशीनं वाढली, दोन पोरं कामाला लागली.

मग 2004 च्या आसपास जिल्ह्यात एक नवा सप्लायर आला. नाव लिहीत नाही, लाइनीतल्या लोकांना ते सांगायला नको. त्याच्या कॅबिनेटमध्ये बोर्डच नव्हता. जुना पेंटियम कॉम्प्युटर, त्यात मेम, म्हणजे बोर्डाची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम (एम्युलेटर), आणि डाउनलोड केलेले साठ-सत्तर खेळ. किंमत आमच्या निम्म्याहून कमी, आणि जाहिरात ‘एका मशीनमध्ये सगळे ओरिजिनल गेम’. त्यावर एक्सचेंजची स्कीम : जुना बोर्ड द्या, नवं मशीन स्वस्तात न्या. पार्लरवाले तुटून पडले. आमच्या तोंडी ठरलेल्या ऑर्डरी गेल्या, उधारी अडकली ती अडकलीच. वर हा गृहस्थ सांगत फिरला की आमचे बोर्ड चोरीच्या खेळांचे. कॉपी आम्ही बिलावर लिहून विकत होतो, आणि हा पूर्णच्या पूर्ण खेळ इंटरनेटवरून उतरवून ओरिजिनल म्हणून विकत होता.

मेमची बाजू इथे सांगितली पाहिजे, कारण आमच्या लाइनीत आजही ‘मेमने धंदा बुडवला’ असं सर्रास बोलतात. 5 फेब्रुवारी 1997 ला निकोला साल्मोरिया या इटालियन माणसाने त्याची पहिली आवृत्ती सोडली. बोर्ड मरतात, चिपमधला डेटा उडतो, त्याआधी प्रत्येक हार्डवेअर कसं चालतं याची नोंद राहावी, हा हेतू. फुकट दिलं, आणि 2016 साली लायसन्स बदलेपर्यंत ते धंद्यासाठी वापरायला साफ मनाई होती. म्हणजे आमच्या जिल्ह्यात जे चाललं होतं, ते खेळ बनवणाऱ्यांच्या हक्काचं नव्हतं आणि मेम बनवणाऱ्यांच्या परवानगीचंही नव्हतं. दोष एम्युलेटरवर टाकणं चूक आहे. लबाडी विकणाऱ्याची होती.

आणि ते मशीन चालायचं कसं, तेही सांगतो. कॅपकॉमचा सीपीएस बोर्ड सेकंदाला 59.6 चित्रं देतो, निओ जिओ हा दुसऱ्या कंपनीचा बोर्ड 59.2, आणि पीसीचा मॉनिटर 60 वर. जुळवलं नाही तर पळताना चित्र आडवं चिरतं, नाहीतर आवाज अडखळतो. बोर्डाचा चित्राचा सिग्नल 15 किलोहर्ट्झवर चालतो, पीसीचा व्हीजीए 31 वर, म्हणून त्याने ट्यूब काढून कॉम्प्युटरचे मॉनिटर ठोकले. रेषांची ती जाड, उबदार चमक गेली. बटण दाबल्यावर ठोसा जरा उशिरा बसायचा. रोज खेळणाऱ्या पोराला हे सांगावं लागत नाही, त्याच्या बोटांना कळतं. बटणांच्या काही जोड्या एकत्र दाबल्या की खेळ बंद होऊन थेट विंडोजचा डेस्कटॉप यायचा. क्रेडिटला धरबंध नाही, डिप स्विचने, म्हणजे सेटिंगच्या बारक्या खटक्यांनी, अवघडपणा वाढवण्याची सोय मालकाला माहीत नाही. तेच खेळ सायबर कॅफेत तासाच्या भाड्यावर आणि घरी फुकट मिळायला लागले, तसा पार्लरमध्ये रुपया टाकायला येईना कोणी. भारनियमनाने उरलंसुरलं संपवलं. ज्यांनी आमचे बोर्ड एक्सचेंजमध्ये देऊन टाकले, त्यांची पार्लरं तीन-चार वर्षांत बंद पडली.

एक्सचेंजमधले बोर्ड कुठे गेले? भंगारात. कनेक्टरच्या पिनांवरच्या सोन्याच्या मुलाम्यासाठी कापून, ॲसिडात घालून. मी त्या गोदामात गेलो होतो. सीपीएसचे बी बोर्ड, निओ जिओच्या खेळांच्या कॅसेटी, फोडून ढिगाने पडलेल्या. किलोच्या भावाने परत मागितले तर मला दिले नाहीत. याचा राग अजून गेलेला नाही आणि जाऊ नये असं वाटतं.

आमचंही शटर अर्धं खाली आलं. अण्णांनी हिस्सा काढून घेतला, त्यांच्या मुलीचं लग्न होतं, आमच्यात वाईटपणा आला नाही. पोरांना दुसरीकडे कामाला लावून दिलं. मी स्टॅबिलायझर दुरुस्त केले. त्या सगळ्या काळात मामांनी स्कीम नाकारली. दोन मशीनं ठेवली, दर दिवाळीला सर्व्हिसिंगला बोलावलं, आणि नोट हातात ठेवल्याशिवाय परत पाठवलं नाही.

दिवस फिरले ते संग्राहकांमुळे. आणि ही मंडळी आली कुठून? मेममधून! लहानपणी आपल्या गावात मुस्तफा खेळलेला मुलगा पुण्या-बंगळुरात नोकरीला लागला, लॅपटॉपवर मेम टाकलं, खेळाची जपानी आवृत्ती कोणती, जागतिक कोणती, बोर्ड कोणता, सगळं त्याला तिथे कळलं. आणि मग त्याला खरं मशीन हवंसं झालं. पूर्वी गिऱ्हाईक ‘फायटिंगवाला द्या’ म्हणायचं, आता सीपीएस-2 च्या (कॅपकॉमचा पुढचा बोर्ड) बी बोर्डाचा रंग विचारतं.

मेमचा आम्हाला वर्कशॉपात रोज उपयोग होतो. मामांच्या मुस्तफात जीपच्या चित्रावर उभे पट्टे यायला लागले होते. कॉपी बोर्ड, आवाजाला पिक नावाची साधी कंट्रोलर चिप लावलेला, आपल्याकडे होता तसला. हे कॉपी बोर्डसुद्धा मेमच्या लोकांनी नोंदवून ठेवलेत. ग्राफिक्सचे ईप्रॉम, म्हणजे डेटा साठवणाऱ्या चिपा, एकेक उचलून प्रोग्रॅमर यंत्रावर वाचले, प्रत्येकाचा चेकसम, म्हणजे डेटावरून निघणारा ओळखीचा आकडा, त्यांच्या यादीशी ताडला. एकाचा जुळेना. नव्या चिपमध्ये डेटा भरला, उजेडाने तो उडू नये म्हणून तिच्या काचेच्या खिडकीवर काळी पट्टी चिकटवली, बसवली, चित्र स्वच्छ. यादी नसती तर तो बोर्ड भंगारात गेला असता. ओरिजिनलचं स्टिकर छापून कॉपी खपवणारे आता बाजारात पुष्कळ आहेत, तेही याच रीतीने पकडतो.

सीपीएस-2 चं दुखणं वेगळं. त्यात खेळाचा कुलूपबंद कोड उघडणाऱ्या गुप्त किल्ल्या, म्हणजे आकडे, बॅटरीवर जपलेले असतात. बॅटरी संपली की किल्ल्या पुसतात आणि बोर्ड मुका होतो. ते कोडं 2007 मध्ये मेमच्याच वर्तुळातल्या लोकांनी उलगडलं, आणि 2016 मध्ये एदुआर्दो क्रूझ आणि सहकाऱ्यांनी किल्ल्या बोर्डात परत भरण्याची रीत जगाला खुली करून दिली. आमच्याकडे मेलेले म्हणून आलेले बोर्ड त्या रीतीने उठले आहेत.

नवीन मंडळींनी काही गोष्टी पाळाव्यात, विचारलं नसलं तरी सांगतो. बोर्ड घेताना आधी पिना बघा, काळ्या पडलेल्या असतील तर किंमत पाडा. पाच व्होल्ट पॉवर सप्लायवर मोजू नका, बोर्डाच्या कडेला मोजा, वायरमध्ये व्होल्टेज पडतो. चालू मशीनमधून बोर्ड कधीही उपसू नका. ईप्रॉमवरचं स्टिकर सोलून आत काय आहे ते पाहण्याचा मोह आवरा. घरात फक्त खेळायचं असेल तर मेम लावा, त्यात कमीपणा काहीच नाही. पण विकताना कॅबिनेटमध्ये पीसी असेल तर पीसी आहे म्हणून सांगा. आणि ओळखीवर उधार बोर्ड देऊ नका.

त्या सप्लायरचं दुकान केव्हाच बंद झालं. त्याने विकलेली कॅबिनेट मात्र अजून येतात, मालकाला आत बोर्ड बसवून हवा असतो. बसवून देतो. उलट काम, म्हणजे चांगली पिक्चर ट्यूब काढून एलसीडी बसवणं, आम्ही घेत नाही. तशा ट्यूब आता बनत नाहीत. ट्यूब नकोच असेल तर चॅसिससकट, म्हणजे तिच्या सर्किटसकट, आम्हाला विका, रोख पैसे देऊ.