‘एकदा दाखवून घ्या’ म्हणजे नेमकं कोणाला?

बोलण्यात, वागण्यात किंवा अभ्यासात काही वेगळं दिसलं की ‘मुलाला एकदा दाखवून घ्या’ एवढं सांगून शाळा मोकळी होते. मग आईबाबा ओळखीतल्या कोणाकोणाला विचारतात आणि जे नाव आधी कानावर येईल तिथे जातात. तिथली व्यक्ती ज्या कामाची असेल त्याच कामाचं निदान हाती पडण्याची शक्यता बरीच असते. म्हणून कोण काय करू शकतं, हे आधी माहीत असलेलं बरं.

सुरुवात मात्र मनाच्या डॉक्टरपासून करू नका. आधी कान आणि डोळे. हाक मारल्यावर न बघणारं, उशिरा बोलणारं मूल कमी ऐकत असू शकतं, आणि हे घरी टाळी वाजवून कळत नाही. लहान मुलांची ओएई (आवाजाला आतल्या कानाचा प्रतिसाद) आणि बेरा (कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा प्रतिसाद) तपासणी होते. बेरा मूल झोपलेलं असताना करतात. साधारण पाच वर्षांपुढच्या, सांगितलेलं समजून प्रतिसाद देणाऱ्या मुलाची ऑडिओमेट्री, म्हणजे हेडफोन लावून ऐकण्याची तपासणी होते. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत या तपासण्या होतात. मूल रात्री घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना अ‍ॅडेनॉइड बघायला सांगा. नाकामागची ही गाठ वाढली की झोप तुटते, कानात पाणी साचतं, आणि दिवसा तेच मूल चुळबुळं, दुर्लक्ष करणारं दिसतं. त्याला एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न लागण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचं लेबल लागायला वेळ लागत नाही.

पुढचा मुक्काम बालरोगतज्ज्ञ, आणि जमल्यास डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन, म्हणजे बालरोगाची पदवी घेऊन पुढे वाढ-विकासाचं प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर. सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर कान-डोळ्यांनंतर हीच पहिली जागा. बारा महिन्यांपर्यंत बोट दाखवणं किंवा बडबड नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, यातलं काहीही असेल तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणत थांबू नका. येत असलेलं बोलणं कोणत्याही वयात गेलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. फिट्स येत असतील किंवा शिकलेलं विसरत चाललं असेल तर पीडियाट्रिक न्यूरॉलॉजिस्ट लागतात, ईईजी, एमआरआय लागतो. एरवी ऑटिझम (स्वमग्नता) किंवा एडीएचडी मेंदूच्या फोटोत दिसत नाही. ‘खात्रीसाठी’ म्हणून काढलेल्या एमआरआयनं फक्त खिसा हलका होतो.

खाजगी खर्च झेपत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात, आणि पुढे जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी, म्हणजे मुलांच्या वाढ-विकासातल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात पाठवतात. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना ही सोय मोफत आहे.

आता मनाच्या क्षेत्रातली माणसं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट हे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. केलेले डॉक्टर. निदान आणि औषध दोन्ही त्यांच्या हातात. फक्त मुलांमध्येच काम करणारे थोडे असल्यामुळे फोनवरच विचारा: ‘डॉक्टर दहा वर्षांखालची मुलं नियमित बघतात का?’ क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत. बुद्ध्यंक, अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण), लक्ष, वागणूक यांच्या चाचण्या घेतात, अहवाल लिहितात, थेरपी देतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घेण्यासाठी पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता असलेली पदवी लागते. नुसतं एम.ए. मानसशास्त्र पुरत नाही. नोंदणी क्रमांक मागितला तर चांगली व्यक्ती रागावत नाही, उलट अहवालावर तो आपणहून छापते. आरसीआयच्या संकेतस्थळावर तो पडताळताही येतो.

समुपदेशक या पाटीमागे ठरावीक एकच पदवी नसते. शाळेतल्या समुपदेशक बाईंचा उपयोग मोठा आहे, परीक्षेची भीती, मित्रांशी भांडणं, घरातला मृत्यू यासाठी. पण निदान लिहिणं त्यांचं काम नव्हे, आणि बहुतेक जणी ते स्वतःच सांगतात. स्पेशल एज्युकेटर शिकवायची पद्धत ठरवतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट हाताचं कौशल्य, तोल, आवाज-स्पर्श सहन होणं यावर काम करतात. वाचा उपचारतज्ज्ञ बोलणं आणि समजणं दोन्ही बघतात. यातली कुठलीही थेरपी सुरू करायला निदानाचा शिक्का लागत नाही. बोलत नसलेल्या अडीच वर्षांच्या मुलाचे सहा महिने ‘आधी नक्की काय ते कळू दे’ यात घालवणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक.

चाचण्यांच्या नावांनी दबून जाऊ नका. आयसा या भारतीय ऑटिझम मोजपट्टीत ४० बाबी असतात आणि प्रत्येकीला १ ते ५ गुण. बेरीज ७० च्या खाली आली तर ऑटिझम नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. यातली बरीच माहिती आईबाबांच्या सांगण्यावर अवलंबून असते, म्हणून घाईत ‘हो, कधीकधी’ असं उत्तर देऊ नका. उदाहरण सांगा. एम-चॅट ही १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ऑटिझमची २० प्रश्नांची चाळणी आहे. चाळणीत अडकलं म्हणजे निदान झालं असं नाही. एडीएचडीसाठी दोन गटांत (लक्ष न लागणं आणि अतिचंचलता) नऊ-नऊ लक्षणं असतात. एका गटातली किमान सहा, सहा महिने टिकलेली, बारा वर्षांच्या आधी सुरू झालेली, आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी हवीत. मूल घरी तासभर चित्र काढतं आणि फक्त गणिताच्या तासाला उठून पळतं, तर आधी गणिताचा तास तपासा. शिक्षकांकडून भरलेला फॉर्म न मागता वीस मिनिटांत एडीएचडी ठरवलं असेल, तर दुसरं मत घ्यायला हरकत नाही.

बुद्ध्यंकाची चाचणी मूल ताजंतवानं असताना, पोटात काही घालून, चष्मा असेल तर तो लावून घ्यावी. अध्ययन अक्षमतेची पूर्ण तपासणी एका बैठकीत उरकत नाही. दोन-तीन बैठका धरून चला. तीच चाचणी काही महिन्यांत पुन्हा दिली तर सरावानं गुण फुगतात, म्हणून दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाताना पहिला अहवाल लपवू नका. आणखी एक प्रश्न जरूर विचारा: कोणत्या भाषेत तपासलं? घरी मराठी आणि शाळा इंग्रजी माध्यमाची असेल आणि वाचन फक्त इंग्रजीत तपासलं, तर भाषा कच्ची आहे की वाचनाचीच अडचण आहे हे कळत नाही.

जाताना जन्माचे कागद न्या (वजन, लगेच रडलं का, काचेत ठेवलं होतं का), मागच्या दोन वर्षांच्या वह्या, त्याही फेअर नव्हे, खाडाखोड असलेल्या, आणि दोन-तीन मिनिटांचे मोबाइलवरचे व्हिडिओ. दवाखान्यात मूल नेमकं शहाण्यासारखं वागतं.

अहवालात चाचण्यांची नावं, तारीख, भाषा, प्रत्येक उपचाचणीचे गुण, बैठकीतलं वागणं, निदान आणि शिफारशी हव्यात. ‘मुलगा हुशार आहे, लक्ष द्यावे’ असल्या चार ओळींच्या कागदाला किंमत नाही. पाचच्या आतल्या मुलाला ‘मतिमंद’ लिहून दिलं असेल तर विचारा, कारण त्या वयात सहसा सर्वांगीण विकासात उशीर एवढंच लिहितात.

प्रमाणपत्राचं गणित वेगळं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता तिन्ही आहेत, पण खाजगी अहवाल म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. ते यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी अर्ज करून सरकारी रुग्णालयातूनच मिळतं. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाची आठ वर्षं पूर्ण झाल्यावर, वाचन-लेखन पुरेसं शिकवून झाल्यावरच देता येतं. चौदाव्या वर्षी आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. दहावीच्या वर्षी धावपळ करणाऱ्यांनी हे आठवीतच उरकावं. बुद्ध्यंक ७० ते ८४ च्या मध्ये आला, तर मूल ना बौद्धिक अक्षमतेच्या प्रमाणपत्रात बसतं ना अध्ययन अक्षमतेच्या. अशा मुलाला या प्रमाणपत्रांवरच्या परीक्षा मंडळाच्या सवलती मिळत नाहीत, पण वर्गशिक्षकांनी कमी गृहपाठ, जास्त वेळ, तोंडी उत्तरं एवढं मान्य केलं तरी बरंच भागतं. त्यासाठी शाळेला शिफारशींचं पान तेवढं द्या. बुद्ध्यंकाचा आकडा स्टाफरूममध्ये फिरायची गरज नाही.